उघड्या जखमेतील जंतुनाशक ड्रेसिंग: कोणते वापरावे आणि कधी थांबवावे

शिरोळ तालुक्यातील एका वाचकांनी लिहिले आहे: माझे वडील ५८ वर्षांचे असून मधुमेही आहेत. उसाच्या फडात बुडखा लागून पायाला झालेली लहानशी जखम चिघळली आणि चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. कोल्हापुरात तातडीने शस्त्रक्रिया करून सडलेला भाग काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा थिएटरमध्ये नेले. जखमेला टाके घातलेले नाहीत. पहिले काही दिवस ब्लीचिंग पावडरसारखा वास येणाऱ्या पाण्याचे ड्रेसिंग दिवसातून तीनदा होत होते, आता फक्त सलाईनचे होते. बेटाडीन का वापरत नाहीत, औषध कमी केले म्हणजे दुर्लक्ष तर होत नाही ना, आणि घरी नेल्यावर काय करावे?

कोल्हापुरात शल्यचिकित्सक म्हणून काम करताना हे तिन्ही प्रश्न मला वारंवार ऐकावे लागतात. त्यांतल्या मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आपली खरी काळजी तिथे आहे. हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरसारखा वास येणाऱ्या त्या पाण्याचे, ड्रेसिंग थांबवून सलाईनवर येणे हे बहुधा जखम सुधारत असल्याचे लक्षण असते, आणि आपण वर्णन केलेल्या क्रमाने गेलेल्या रुग्णात मीही हेच केले असते. जखम प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांचा शब्द अर्थातच अंतिम मानावा.

आपल्या वर्णनावरून वडिलांना झालेला आजार नेक्रोटायझिंग फॅसायटिस या गटातला दिसतो. कातडीखाली चरबीचा थर आणि त्याखाली स्नायूंना वेढणारा पांढरा, चिवट पापुद्रा असतो. जंतू या पापुद्र्याच्या पातळीवरून आडवे पसरत जातात, वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठते आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. वरची कातडी सुरुवातीला फार बिघडलेली दिसत नाही, पण रुग्ण मात्र दिसणाऱ्या जखमेच्या मानाने कितीतरी जास्त दुखते म्हणून तळमळत असतो. ही विसंगती ओळखणे हेच लवकर निदान करण्याचे पहिले साधन आहे. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे शिरेतून दिलेले अँटिबायोटिकही पोहोचत नाही, आणि वरून ओतलेले जंतुनाशक तर मेलेल्या ऊतींच्या पृष्ठभागावरच संपून जाते. म्हणून सडलेला भाग कापून काढणे हाच या आजाराचा मुख्य उपचार आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण २४ तासांत जखम पुन्हा थिएटरमध्ये उघडून पाहणे, आणि मृत भाग शिल्लक असेल तर तो पुन्हा काढणे, हा त्याच उपचाराचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी वडिलांना परत आत नेले याचा अर्थ पहिली शस्त्रक्रिया फसली असा कृपया घेऊ नका. अशा रुग्णांत तीन-चार वेळाही आत न्यावे लागते.

फ्रँक मेलनी या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९२४ साली बीजिंगमध्ये पाहिलेल्या अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा पेनिसिलिन उपलब्ध नव्हते. लवकर आणि मोठे छेद घेऊन जखमा उघड्या ठेवण्याच्या बळावर त्यांनी बहुतेक रुग्ण वाचवले. त्यानंतर अँटिबायोटिके आली, अतिदक्षता विभाग आले, ड्रेसिंगचे शेकडो प्रकार बाजारात आले, तरी चाकूची जागा त्यांतल्या कशानेही घेतलेली नाही. जंतुनाशक ड्रेसिंगचा विचार या पायावर उभा राहूनच करायचा असतो.

मग ड्रेसिंगमध्ये जंतुनाशक हवेच कशाला? याचे उत्तर पहिल्या महायुद्धाने दिले आणि त्याची मर्यादाही त्याच युद्धाने दाखवली. फ्रान्समधील लढाई पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेल्या शेतजमिनीत चालली होती, त्यामुळे सैनिकांच्या जखमांत माती आणि खताबरोबर भयंकर जंतू जात. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सी कॅरेल यांनी १९१५ च्या सुमारास काँपिएन्य येथील रुग्णालयात सुमारे ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण तयार केले आणि रबराच्या बारीक नळ्यांतून ते दर दोन तासांनी जखमेत सोडण्याची पद्धत बसवली. दर दोन तासांनी अशासाठी, की पू, रक्त आणि मृत ऊती यांच्याशी संयोग होऊन त्यातला क्लोरीन झपाट्याने संपतो. मृत ऊती आधी कापून काढणे हाही त्या पद्धतीचा अविभाज्य भाग होता, जो नंतरच्या काळात अनेकजण विसरले आणि नुसत्या द्रावणावर विसंबले. वडिलांच्या ड्रेसिंगला येणारा वास याच द्रावणाचा असणार. आज ते बहुधा बरेच पातळ करून, ०.१२५ किंवा ०.२५ टक्के, आणि काही ठिकाणी ०.०२५ टक्के इतके सौम्य वापरले जाते, आणि ड्रेसिंग दिवसातून दोन-तीनदा बदलतात.

त्याच युद्धात फ्रान्समधील बुलोन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून अवकाश होता. काचेच्या नळीला आत पोकळ काटे काढून त्यांनी वेड्यावाकड्या जखमेची प्रतिकृती बनवली, तीत जंतू सोडले, जंतुनाशक भरले, ते ओतून टाकले आणि पुन्हा पोषक द्रव भरला. जंतू त्या काट्यांच्या टोकांत लपून राहिले होते आणि पुन्हा वाढले. त्या वेळची जंतुनाशके जंतूंपेक्षा रक्तातल्या पांढऱ्या पेशींना अधिक मारतात, हेही त्यांनी दाखवले. जंतूंना खाणाऱ्या याच पेशी जखमेच्या खऱ्या रक्षक असतात.

माझ्या मते डेकिन आणि फ्लेमिंग दोघेही बरोबर होते, कारण दोघे जखमेच्या वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत कितीही काळजीपूर्वक कापले तरी कडांना आणि कप्प्यांत थोडी मृत ऊती, पू आणि जंतूंचा थर उरतोच. या काळात हायपोक्लोराइटचा दुहेरी उपयोग होतो, कारण ते जंतू मारते आणि मेलेला थर विरघळवून सैल करते. दुर्गंधी कमी होते हा तिसरा फायदा, आणि तो लहान मानू नये. वासामुळे स्वतःचीच किळस येऊन जेवण सोडलेले रुग्ण वास गेल्यावर पुन्हा जेवू लागतात. पण जखमेचा तळ स्वच्छ होऊन लालसर, दाणेदार मांस दिसू लागले की मारायला फारसे काही उरत नाही आणि ज्या नव्या पेशी जखम भरणार आहेत त्या समोर उघड्या असतात. तेच द्रावण आता त्यांना इजा करते. नांगरट झाल्यावर आणि कोंब वर आल्यावर एकच अवजार शेतात चालवत नाहीत, तसेच हे आहे. वास गेला, पू थांबला, तळ लाल झाला, सूज उतरली, की थांबायचे. यास बहुधा काही दिवसच लागतात. सुरू कधी करावे हे कोणालाही शिकवता येते, कधी थांबवावे हे मात्र रोज स्वतः जखम पाहणाऱ्यालाच कळते, आणि म्हणून ड्रेसिंगची जबाबदारी पूर्णपणे कनिष्ठांवर सोडणे मला पटत नाही.

आता बेटाडीनविषयी. शस्त्रक्रियेपूर्वी अखंड कातडी निर्जंतुक करण्यासाठी पोव्हिडोन आयोडीन, म्हणजेच बेटाडीन, हे उत्तम औषध आहे, आणि लहान, उथळ जखमांत ते थोडे दिवस वापरायला हरकत नसते. नेहमीच्या १० टक्के द्रावणात उपलब्ध आयोडीन सुमारे १ टक्काच असते. पण पायाच्या अर्ध्या भागावर पसरलेल्या उघड्या जखमेत ते दिवसातून तीनदा भरले, तर आयोडीन रक्तात शोषले जाते. मधुमेहामुळे ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमजोर झाली आहेत त्यांच्यात ते साचते, थायरॉइडचे काम बिघडू शकते आणि रक्तातील आम्लाचे प्रमाणही वाढू शकते. शिवाय पू आणि रक्त त्याचा प्रभाव खाऊन टाकतात. माझा आणखी एक व्यावहारिक आक्षेप आहे: त्याचा तपकिरी रंग जखमेचा खरा रंग झाकतो, आणि या आजारात कडेची कातडी जांभळी पडते आहे का, तळ फिका झाला आहे का, हे रंगावरूनच ओळखायचे असते.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून नातेवाइकांना फार समाधान वाटते. त्या फेसाने वरची घाण थोडी सुटते एवढेच; खोल, बंदिस्त कप्प्यांत ते सोडल्यास तयार झालेला वायू रक्तवाहिनीत शिरून जीवघेणा ठरू शकतो. अशा जखमांत मी ते वापरत नाही.

ड्रेसिंगवर हिरवट-निळा डाग आणि गोडसर वास आला तर स्यूडोमोनास या जंतूची शंका घ्यावी. तिथे सुमारे १ टक्का ॲसेटिक ॲसिडचे ओले गॉज थोडे दिवस चांगले काम करते. मात्र ते हायपोक्लोराइटबरोबर किंवा त्याच्या पाठोपाठ धुतल्याशिवाय कधीही वापरू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. चांदी असलेले मलम आणि पट्ट्या यांचाही ठरावीक काळापुरता उपयोग आहे. सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरे मलम लावल्यावर दोन-तीन दिवसांत जखमेवर पिवळट-करडा साका धरतो, तो पू समजून घरचे लोक घाबरतात. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही. चांदीच्या महागड्या पट्ट्यांचा दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर त्याच पट्ट्या चालू ठेवण्याऐवजी जखमेचा पुन्हा मुळापासून विचार करावा. इंजेक्शनच्या अँटिबायोटिकची बाटली फोडून ती जखमेवर ओतणे, ही आपल्याकडे अजून दिसणारी सवय मात्र पूर्णपणे बंद व्हायला हवी. त्यातून जंतूंना औषधाची सवय होते आणि रुग्णाला ॲलर्जी.

घरी गेल्यावर कोणीतरी मध, हळद किंवा गूळ सुचवणारच, म्हणून त्याविषयीही लिहितो. मधाचा विचार वैद्यकशास्त्राने गंभीरपणे केलेला आहे आणि त्यात आपल्या शेजारच्या सोलापूरचा मोठा वाटा आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना करून १९९१ साली ती ब्रिटनच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि तीत मध सरस ठरला. पण त्यांनीच १९९९ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला: मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत मृत थर लवकर कापून कातडी लावणे हे मधाच्या ड्रेसिंगपेक्षा सरस आहे. स्वतःच्याच आवडत्या औषधाच्या मर्यादा इतक्या स्वच्छपणे दाखवणाऱ्या या संशोधकाविषयी मला मनापासून आदर आहे. वैद्यकीय वापराचा मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बाजारातल्या बाटलीतला तसा नसतो. गूळ, हळद, राख, झाडपाला यांपैकी काहीही वडिलांच्या जखमेत जाऊ देऊ नये. आणि घरातले कपड्यांचे ब्लीच पाण्यात मिसळून डेकिनचे द्रावण बनवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. त्याची तीव्रता आणि क्षारता मोजता येत नाही आणि जखम अक्षरशः भाजून निघते.

यांपैकी सर्वांत चांगले द्रावण कोणते, असे विचाराल तर प्रामाणिक उत्तर असे आहे की शस्त्रक्रियेनंतर उघड्या ठेवून भरू दिल्या जाणाऱ्या जखमांत कोणते तरी एक जंतुनाशक इतरांपेक्षा निश्चित श्रेष्ठ आहे असे सिद्ध झालेले नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१६ साली घेतलेल्या आढाव्यात अशा जखमांवरील अवघ्या ११ चाचण्या सापडल्या आणि त्यांतून ठाम शिफारस करता आली नाही. त्यामुळे कोल्हापुरातल्या दोन चांगल्या रुग्णालयांत दोन वेगळी द्रावणे दिसली तर त्यातले एक चुकीचे असे समजू नये. व्हॅक मशीन, म्हणजे जखमेवर स्पंज बसवून साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका उणे दाब देणारे यंत्र, हे तळ स्वच्छ झाल्यावर फार उपयोगी पडते, पण मृत ऊती शिल्लक असताना ते लावू नये.

घरी करायच्या ड्रेसिंगची जागा आधी ठरवा. आपल्या भागात सोपा आणि गोठा एका भिंतीला लागून असतो. तिथे ड्रेसिंग करू नये. उजेडाची, माश्या नसलेली, पुसून घेता येईल अशी आतली खोली निवडा आणि शक्यतो उपकेंद्रातील नर्स किंवा रुग्णालयाने शिकवलेली एकच व्यक्ती रोज ड्रेसिंग करील असे पाहा. दुखणे कमी करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितली असल्यास ती अर्धा तास आधी द्यावी. साबणाने हात धुऊन, हातमोजे घालून जुने ड्रेसिंग सोडवावे. चिकटलेले गॉज ओढून काढू नये, कारण त्याबरोबर नवे मांस निघून येते आणि रक्त वाहते. त्यावर सलाईन सोडून पाच-दहा मिनिटे थांबले की ते आपोआप सुटते. जखम सलाईनच्या धारेने, खोबणींसकट, मनसोक्त धुवावी. नवे गॉज सलाईनमध्ये भिजवून पिळावे, ते ओलसर असावे, टपकणारे नसावे. खोल कप्प्यात लहान लहान तुकडे घालण्याऐवजी एकच लांब पट्टी घालून तिचे टोक बाहेर ठेवावे, कारण आत विसरलेला एक तुकडा महिनाभर पू वाहता ठेवू शकतो. पट्टी सैलसर भरावी. ठासून भरल्यास नव्या मांसाचा रक्तपुरवठा दबतो. भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनचा पातळ थर लावला तर ती ओलाव्याने पांढरी पडून फुटत नाही. वापरलेले गॉज उकिरड्यावर टाकू नये, बंद पिशवीत भरून ज्या रुग्णालयात वा केंद्रात जाता तिथे द्यावे.

साखर काबूत नसेल तर हे सगळे करूनही जखम रेंगाळते. मधुमेहाची कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, पण वडील डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असतील तर ते शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगा. जननेंद्रियांच्या भागात होणाऱ्या याच प्रकारच्या संसर्गाचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली या गटातील औषधांबाबत दिला आहे.

आहाराबाबत आपल्याकडे एक समजूत फार नुकसान करते: अंडी, मटण, भात खाल्ल्याने जखमेत पू होतो. मोठ्या जखमेतून रोज प्रथिने वाहून जात असतात आणि ती भरून काढल्याशिवाय मांस चढत नाही. मूत्रपिंडे ठीक असतील तर किलोमागे रोज १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि मोठ्या पेलाभर दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यावरून हिशेब करा. घरात मटण शिजत असेल तर वडिलांच्या ताटात नुसता रस्सा न वाढता फोडी वाढाव्यात.

जखमेच्या कडेपलीकडे दुखणे किंवा लाली पसरू लागली, कातडी जांभळी पडली वा तिच्यावर पाण्याचे फोड आले, दाबल्यावर कुरकुर जाणवली, राखाडी पाणचट स्राव सुरू झाला, ताप आला, लघवी कमी झाली, वडील असंबद्ध बोलू लागले, किंवा आदल्या दिवशी खूप दुखणारा भाग अचानक बधिर झाला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. त्याच तासाला १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहून ठेवली तर पसरण्याचा वेग डॉक्टरांना लगेच कळतो.

तळ एकसारखा लाल आणि सपाट झाला की मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावली जाते. त्याआधी बहुधा जखमेतील स्वॅब किंवा ऊतीचा तुकडा तपासणीला पाठवतात, कारण बीटा हीमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस हा जंतू थोडाही असला तरी लावलेली कातडी विरघळून जाते. तो सापडल्यास आधी त्याचा बंदोबस्त करून मगच कातडी लावतात. कातडी लावल्यावरचे पहिले ड्रेसिंग साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरच उघडतात, तोवर घरी कोणीही त्याला हात लावू नये. डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी कार्डावर लिहून मागा: कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतील नमुन्यातून जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, सापडलेला जंतू आणि त्याला लागू पडणारे औषध, अखेरचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), आणि शल्यचिकित्सक स्वतः जखम पुन्हा पाहणार ती तारीख.